लाइफ जॅकेट उशाला नव्हे, अंगात हवे



सुट्टी लागली की मुले घारापुरीची लेणी बघायचा हट्ट धरतात. गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास. मागे मीही घरच्यांना घेऊन गेलो. लाइफ जॅकेटे मिळाली. पण उकडते म्हणून अनेकांनी ती काढून बुडाखाली घेतली. सौ. म्हणाली, "आपणच तेवढे वेडे दिसतो." मी म्हटले, "दिसू दे!"

१८ डिसेंबर २०२४ ची दुपार मी विसरलो नव्हतो. याच मार्गावर 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. अशा वेळी जॅकेट शोधून पट्टे बांधायला सवड मिळत नाही. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणे तर फारच अवघड. म्हणून किनारा सोडण्याआधीच घाला.

घालताना आधी लेबल बघा. जॅकेट माणसाच्या वजनानुसार असते. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल पाण्यात खाली निसटू शकते. पदर, ओढणी आत खोचून सगळी बकले लावा. मग दोन्ही खांद्यांशी धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकले, तर ढिले आहे. लहानग्यांसाठी मानेमागे कॉलर आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले मागा. बकल तुटलेले, कापड फाटलेले किंवा आतला फोम चेपून कडक झालेला असेल, तर बदलून घ्या. त्यावर वरचेवर बसल्यानेच फोम चेपतो आणि तरंगवण्याची ताकद कमी होते.

मासेमारीसाठी विकत घेणाऱ्यांनी लेबलावरचा न्यूटनचा आकडा वाचावा. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असते. न पोहणाऱ्याने शांत पाण्यात किमान १०० चे आणि खोल समुद्रात १५० चे घ्यावे. रंग भडक आणि सोबत शिटी हवी. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

त्या दिवशी आमच्या धाकटीचे जॅकेट कानांपर्यंत आले. मी बदलून मागितले. खलाशी कुरकुरला, पण ढिगातून लहान काढून दिले. ते पाहून शेजारच्या दोन आयांनीही आपल्या मुलांसाठी मागून घेतले. तिकिटाचे पैसे आपण मोजतो. नीट जॅकेट मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे. मागायला लाजू नका!