हेन्रीला वाचता येत नाही

परवा भर दुपारी आमच्याकडे जोरदार वाद झाला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचा नातू. विषय इस्टेटीचा नाही, राजकारणाचाही नाही... व्हिडिओ गेमचा! (भावंडांनो, हसा खुशाल.)

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी नातवाच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. बटणं तो दाबतो आणि मी सूचना करते. "त्या म्हातारीशी जरा नीट बोल", "लोकांच्या घरातलं उचलू नकोस", वगैरे. चाळीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवल्यावर ही सवय जाणार कुठे?

तर वाद असा. नातवाचं म्हणणं, ज्या खेळात आपल्याला वाटेल ते करता येतं तो खेळ सर्वांत चांगला. माझं म्हणणं, ज्या खेळात तुझ्या पात्राला काही गोष्टी करताच येत नाहीत, तो चांगला. तो म्हणाला, "आजी, अगं तू टीचर आहेस म्हणून तुला बंधनं आवडतात." मला हे लागलं. म्हणून हा लेख.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक मोठा प्रदेश असतो. डोंगर, नद्या, गावं, शेकडो माणसं. त्यात आपण एक पात्र होऊन वावरायचं. कुठे जायचं, कोणाला मदत करायची, कोणाशी भांडायचं हे आपण ठरवायचं. नाटकात भूमिका करतो तसं, फक्त संवाद पाठ नसतात.

या प्रकाराचं मूळ १९७४ सालच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला. संगणक नाही, काही नाही. टेबल, कागद, पेन्सिल आणि फासे. त्यात सुरुवातीला तीनच प्रकारची पात्रं होती: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. जादूगाराला चिलखत घालता यायचं नाही आणि शस्त्र म्हणून जवळ फार तर खंजीर. योद्ध्याला मंत्र यायचे नाहीत. धर्मगुरूला धारदार शस्त्र चालायचं नाही. मला हे ऐकून फार आवडलं. कारण उघड आहे: एकट्याला सगळं येत नाही म्हणूनच चौघांना एकत्र बसावं लागतं! बंधन होतं म्हणून सोबत होती.

आता पुढची गोष्ट. माझा मुलगा नोकरीला नवीन होता तेव्हा 'मॉरोविंड' नावाचा खेळ खेळायचा. बेथेस्डा कंपनीचा, २००२ सालचा. त्यात तीन मोठी घराणी होती आणि त्यांपैकी एकाच घराण्यात शिरता यायचं. एकाचे झालात की बाकी दोघांची दारं बंद. जादूगारांच्या मंडळात वरची पायरी हवी तर मंत्रविद्येत तेवढी तयारी लागायची. तयारी नसेल तर सरळ सांगायचे, अजून अभ्यास करून या. (असं सांगायचं आमच्या शाळेत आम्ही कधीच बंद केलं. असो.)

त्याच कंपनीचा त्याच मालिकेतला २०११ सालचा खेळ म्हणजे 'स्कायरिम'. नातवाचा लाडका. तो मीही त्याच्या शेजारी बसून महिनोन् महिने पाहिला आहे, आणि खरं सांगते, देखणा आहे. बर्फाचे डोंगर, रात्रीचं आकाश... त्यात हिंडण्याचं सुख आहे. पण नातवाने केलं काय? कुऱ्हाड घेऊन फिरणारा एक दांडगट गडी तयार केला. तो योद्ध्यांच्या टोळीचा प्रमुख झाला. मग चोरांच्या टोळीचा प्रमुख झाला. मग मारेकऱ्यांच्या टोळीचाही. शेवटी जादूच्या महाविद्यालयात गेला आणि दोन-चार किरकोळ मंत्रांच्या भांडवलावर तिथला कुलगुरू झाला! मी म्हटलं, "अरे, तुझी कुऱ्हाड पाहून कोणी काही विचारलं नाही?" नाही. कोणीच विचारत नाही. रात्री माणसं मारणारा हा मनुष्य सकाळी विद्यापीठ चालवतो, आणि गावात कोणाला त्याचं काहीच वाटत नाही.

हे स्वातंत्र्य आहे, नाही कसं? पण मला ते पोकळ वाटतं. सगळं होता येतं, पण त्यामुळे आपण कोणीच होत नाही.

आणि गंमत पाहा, जिथे खरं स्वातंत्र्य हवं तिथे तो खेळ अडवतो. योद्ध्यांच्या टोळीत पुढे जायचं तर लांडग्याचं रूप देणारं रक्त प्यावंच लागतं. माझं पात्र भलं असेल, त्याला हे किळसवाणं वाटत असेल, तर? "नको" म्हणून त्या टोळीत पुढे जायची सोयच नाही. तसंच, कथेला ज्यांची गरज आहे अशी माणसं मरत नाहीत. कुऱ्हाडीचे घाव घाला, ती गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा बोलायला लागतात. जुन्या 'मॉरोविंड'मध्ये असं नव्हतं. महत्त्वाच्या माणसाला मारलंत तर तो मरायचा. खेळ फक्त सांगायचा की आता हे भाकीत पुरं होणार नाही. मागे जा, नाहीतर अशाच जगात राहा. चूक करू द्यायची आणि तिची किंमतही सांगायची. शिक्षक म्हणून मला हीच पद्धत बरोबर वाटते.

तेव्हा बंधन म्हणजे सगळं एकच नव्हे. एक बंधन खेळ बनवणाऱ्याच्या सोयीचं असतं. दुसरं आपण कोण आहोत यातून येतं. पहिल्याबद्दल माझी तक्रार आहे. दुसऱ्याची मी बाजू घेते.

नातवाचीही बाजू ऐकू या, ती कच्ची नाही. तो म्हणाला, "आजी, दिवसभर कॉलेज, मग क्लास, मग घरी येऊन अभ्यास. तिथे कमी बंधनं आहेत का? रात्री तासभर मिळतो. त्यात तरी मला मोकळं राहू दे की. आणि एक खेळ संपवायला शंभर तास लागतात. तुझ्या त्या तीन घराण्यांसाठी मी तीनदा कधी खेळू?" यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दमलेल्या माणसाला हिंडायला माळरान हवं असतं, परीक्षा नको असते. तेही खरंच.

आणि बंधनांचं कौतुक मी कोणत्या तोंडाने करावं? आमच्या वेळी मुलींना निवड ती काय होती? मला गणित आवडायचं. पण जवळच्या कॉलेजात आर्ट्सच होतं आणि घरचे म्हणाले, बीए कर, मग बीएड कर, मास्तरीण हो. झाले. वाईट झालं असं नाही. पण ते मी निवडलेलं नव्हतं.

मग मी बंधनांच्या बाजूने का? ते मला कळलं एका दुसऱ्याच खेळामुळे.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा २०१८ सालचा खेळ, झेक देशातल्या वॉरहॉर्स स्टुडिओजने केलेला. काळ इ. स. १४०३, जागा बोहेमिया. (इतिहासाची शिक्षिका खूश!) आपण हेन्री नावाचा लोहाराचा पोर असतो. राजा नाही, जादूगार नाही. तलवार धरायची कशी हेही त्याला शिकावं लागतं. न धुता, रक्ताने माखलेल्या कपड्यांनी मोठ्या माणसांपुढे गेलं तर ती नाक मुरडतात. खेळ हवा तेव्हा सेव्ह करायचा तर एक खास दारू प्यावी लागते, आणि ती विकत घ्यावी किंवा बनवावी लागते. नाहीतर आपल्या बिछान्यावर जाऊन झोपायचं. त्यामुळे प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागतं.

एके दिवशी नातवाने त्यात एक पुस्तक उघडलं. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एक शब्द लागेना. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं, पण इतकंही कच्चं नाही! मला वाटलं, डोळ्याला पुन्हा काही झालं. नातू हसायला लागला. "आजी, तुला नाही गं, हेन्रीला वाचता येत नाही."

अक्षरं सगळी ओळखीची, पण उलटसुलट झालेली. हेन्रीला पुस्तक जसं दिसतं तसं ते आपल्याला दिसतं. उझित्झ गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकलं, मग बसून पुस्तकं वाचत राहिलं, की अक्षरं हळूहळू जागेवर येतात. शिकलं नाही तरी चालतं. पुष्कळसा खेळ तसाच पार पडतो. नातवाने तेच केलं होतं. तलवारीचं शिक्षण घेतलं, वाचनाचं पुढे ढकललं.

मी मात्र त्या पानाकडे पाहतच राहिले. मला माझी आई आठवली.

पुढचं घरातल्या कोणाला मी आजवर सांगितलेलं नाही. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. वडील मुंबईला गिरणीत. आईला अक्षरओळख नव्हती. वडिलांचं पत्र आलं की मी वाचून दाखवायची. मी सातवीत होते तेव्हा एक पत्र आलं. त्यात इतर मजकुरासोबत एक ओळ होती, पोरीची सातवी झाली की शाळा पुरे, पुढे घालू नये. मी पत्र वाचून दाखवलं. ती ओळ वाचली नाही.

हायस्कूल चार मैलांवर. जूनमध्ये आईने माझं नाव घातलं. दिवाळीला वडील आले, त्यांना कळलं, ते तापले. आई म्हणाली, "तुम्ही पत्रात तसं काहीच लिहिलं नव्हतं." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होते. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, पुढे कधीही नाही. मी शिकत राहिले.

म्हणजे माझी वाट मोकळी झाली ती आईला वाचता येत नव्हतं म्हणून. आणि ज्या बाईने शेकडो मुलांना मुळाक्षरं गिरवायला लावली, तिने स्वतःच्या आईला कधी पाटी हातात दिली नाही. वेळ नव्हता, असं मी म्हणत आले. खरं कारण वेगळं आहे. ते पत्र आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं आणि मला ते ठाऊक होतं. आई गेली तेव्हा पेटी मी उघडली. पत्र होतं.

मी हे सगळं नातवाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, तुला लोड करता आलं असतं तर तू ती ओळ वाचली असतीस का?"

मी खूप विचार केला. नाही. ती ओळ मी पुन्हाही वाचली नसती. पण त्यानंतर आईला वाचायला शिकवलं असतं, आणि तिने ते पत्र वाचलं असतं तरी चाललं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जन्माने लादलेलं बंधन मला मान्य नाही, ना बोहेमियात ना साताऱ्यात. पण ते बंधन आहे हे खेळाने लपवू नये. हेन्रीला पहिल्याच क्षणी सगळं वाचता आलं असतं, तर त्याचं न वाचता येणं मला कधी दिसलंच नसतं, आणि त्याच्या शिकण्यालाही काही अर्थ राहिला नसता. बंधन असावं, त्याला कष्टाने उघडणारं दार असावं. आणि एक दार निवडलं की दुसरं बंद होतं, हेही खेळाने खरं सांगावं. मग स्वातंत्र्याला वजन येतं. ज्या जगात काहीच बंद होत नाही, तिथे आपण काय निवडलं याचं कोणाला काय!

नातू अर्थातच पूर्ण पटलेला नाही. 'स्कायरिम' त्याचा लाडका आहे तो आहेच, आणि मीही पुन्हा शेजारी बसून ते बर्फाचे डोंगर पाहणार आहे. पण काल संध्याकाळी त्याने आपणहून हेन्रीला घोड्यावर बसवलं आणि उझित्झला नेलं. लेखनिकाने पैसे मागितले तेव्हा कुरकुरला, पण दिले. आता रोज थोडं वाचायचं ठरलंय. मला म्हणाला, "आजी, पहिलं पुस्तक तू वाच."

घरातल्या मंडळींनी हे वाचून फोन करावा, रागवायचं असेल तरी करावा. आणि तुमच्यापैकी कोणी असे खेळ खेळत असाल तर तुमचं मत जरूर सांगा. नातवाच्या बाजूचं असलं तरी चालेल.