‘लेडीज’ म्हणजे नेमकं कुठलं माप?

गोल्फचा आणि आपला काय संबंध, असं म्हणाल तुम्ही. नाशिकला ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे खरं, पण तिथं क्रिकेट खेळतात नि लोक फिरायला जातात! तरी या खेळातली एक गोष्ट मला फार पटते. त्यातली काठी, म्हणजे क्लब, अंगाच्या मापानं बनवून घेता येते.

क्लबचे भाग तीन. चेंडूला लागणारं डोकं, मधला दांडा आणि वरची पकड. तिन्ही सुटे मिळतात. जोडणारा कारागीर आधी मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतो, पंजा पाहतो, फटक्याचा वेग पाहतो. मग दांडा बेतानं कापायचा, डोकं इपॉक्सीनं चिकटवायचं, पकड दुहेरी चिकटपट्टीवर सरकवून बसवायची. आपल्या ब्लाउजसारखंच की!

तयार सेटचं मात्र वेगळं. बायकांचा क्लब पुरुषांच्या क्लबपेक्षा साधारण इंचभर आखूड, दांडा हलका नि लवचिक, त्यावर ‘एल’ अक्षर. एल म्हणजे लेडीज. झालं! पाच फुटी बाई काय नि पावणेसहा फुटी काय, दोघींना तेच. चांगला कारागीर बाई की बुवा हे बघून दांडा ठरवत नाही, फटका बघून ठरवतो.

हरियाणाची दीक्षा डागर डावखुरी. डावखुऱ्यांच्या क्लबचं तोंडच उलट्या बाजूला असतं. ती २०२१ साली टोकियोला आणि २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक खेळली. तिच्या हातात उजवा क्लब देऊन ‘होईल गं सवय’ म्हटलं असतं तर?

आपल्याला तर हेच ऐकवतात ना! बचत गटाच्या कामानं मी घरोघरी जाते. स्वयंपाकाचा ओटा बहुतेक ठिकाणी गवंड्याच्या सवयीच्या उंचीचा. एखादी चवड्यांवर उभी राहून पोळ्या लाटते, एखादी दिवसभर वाकून, आणि रात्री कंबरेला बाम. हा वयाचा दोष नाही, मापाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मापाचे क्लब महाग असतात, मान्य. पण ओटा बांधायचाच असेल तर दोन इंच वर-खाली करायला असा कितीसा खर्च येतो?

तेव्हा मैत्रिणींनो, गवंडी आला की ग्रॅनाइटचा रंग नंतर ठरवा. आधी चपला काढून ताठ उभ्या राहा, कोपर वाकवा आणि कोपराच्या चारेक इंच खाली खूण करायला सांगा. तो हसेल. हसू दे.