धूर नव्हे, ढग!

पावसाने धुऊन काढलेल्या आकाशात विमानामागची पांढरी रेघ या दिवसांत मोठी उठून दिसते. गच्चीवरची बाळगोपाळ मंडळी ‘रॉकेट, रॉकेट!’ म्हणून नाचतात. थोरली माणसे ‘विमानाचा धूर’ म्हणतात. शब्द तोलून वापरा, असे वर्गात सांगणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला एवढेच सुचवायचे आहे, की वाचकहो, तो धूर नव्हे, ढग आहे.

विमानाचे एक किलो इंधन हवेतल्या ऑक्सिजनसह जळले, की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ होते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ४० अंश किंवा त्याहूनही गार हवेत ती काजळीच्या कणांभोवती गोठते. थंडीच्या पहाटे आपल्या तोंडातून निघते तिचीच ही थोरली बहीण!

मग आजची रेघ क्षणात पुसली जाते आणि उद्याची तासन् तास रेंगाळते, ती का? हवा कोरडी असली, तर बर्फाचे कण विरून जातात. ओलावा भरपूर असला, तर ते पोसतात आणि रेघेचा पिंजलेल्या कापसासारखा ढग होतो. विमान निमित्तमात्र, करणी हवेची.

हीच रेघ एके काळी जिवावर बेतत असे. १९४३ साली जर्मनीवर चालून जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांचा ठावठिकाणा ती शत्रूला दुरूनच सांगे. पुढे १९५३ साली हर्बर्ट अ‍ॅपलमन यांनी उंची, तापमान आणि आर्द्रता यांवरून रेघ उमटेल की नाही, याचा तक्ता प्रसिद्ध केला.

आज चिंता निराळी आहे. हे ढग जमिनीची उष्णता अडवतात. दिवसा थोडे ऊन परतवतात खरे, पण एकूण हिशेब तापमानवाढीकडेच झुकतो. सुदैवाने ओल्या हवेचे थर बहुधा पातळ असतात. विमानाने उंची थोडी बदलली तरी ते टळतात. २०२३ साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी गूगलच्या अंदाजांवरून ७० उड्डाणांत तसे केले, तेव्हा रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या. त्या उड्डाणांना इंधन मात्र दोन टक्के जास्त लागले. अडचण एवढीच, की तापमान नेमके कळते, पण तितक्या उंचीवरचा ओलावा सहजी हाती लागत नाही.

तेव्हा फराळ आटोपून गच्चीवर जाल, तेव्हा घड्याळ लावून पाहा. रेघ किती वेळ टिकते, त्यावरून वरच्या हवेचा ओलावा तुम्हांलाही ताडता येईल.