ते परत का जातात?

परदेशातून हौसेने येऊन भारतात बिऱ्हाड थाटणारी माणसे काही वर्षांनी मायदेशी का परततात, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे : त्यांना येथला उन्हाळा, धूळ आणि गोंगाट मानवला नाही. हे उत्तर सोयीचे आहे. त्यात दोष हवेचा ठरतो, यजमानाचा नव्हे. गोव्याच्या किनाऱ्यावरील ग्रामस्थ याहून अधिक जाणतात. लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; परदेशी पाहुण्याने तेथे नुसते डोकावू नये, राहावे, असे बुलढाणेकरांना वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून गोवेकरांचे म्हणणे आपण ऐकलेले बरे.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि त्याच दशकात हणजूणच्या वाळूवर हिप्पी येऊन राहिले. पुढे मोरजी, हरमल येथे रशियन आले. खोल्या भाड्याने देणारा घरमालक पैशाचे कारण सांगतो : २०१४ अखेर रूबल गडगडला, तशी ही मंडळी रोडावली, स्वस्ताईसाठी आलेला माणूस महागाई होताच उठतो. शेजारीण वेगळेच सांगते. वर्षानुवर्षे राहूनही त्यांना कोकणी आली नाही. ती आपापसांतच राहिली. आणि ज्याच्या गावची जमीन हातची गेली, तो तर ‘गेले ते बरे झाले’ असेच म्हणतो. त्याच्या रागाला अर्थ आहे. गोवा केवढा, आणि त्यातला किनारा तो केवढा!

तिघांचेही खरे, पण कायद्याचे काय? पर्यटक व्हिसावर आलेल्या परकीयाला येथे घर विकत घेता येत नाही. अमेरिका, ब्रिटनच्या नागरिकालाही या व्हिसावर सलग १८० दिवसांपलीकडे राहता येत नाही. नागरिकत्वासाठी सामान्यतः बारा वर्षांचे वास्तव्य लागते. दर सहा महिन्यांनी सामान आवरणाऱ्याने मुळे कोठे रोवावीत? त्यातच म्हातारपण येते, दुखणे येते, आणि पेन्शन व नातवंडे दोन्ही तिकडे असतात. न्यू जर्सीत तीस वर्षे काढून साठीनंतर पुण्यात फ्लॅट पाहणाऱ्या आपल्या मेहुण्याविषयी मात्र, त्याला अमेरिकेची थंडी मानवली नाही, असे आपण म्हणत नाही.

राहिलेली माणसेही आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कासेगावी त्यांचे निधन झाले. मॅक्सीन बर्नसन फलटणची मराठी अभ्यासावयास आल्या आणि तेथेच त्यांनी शाळा उभी केली. त्यांना आपल्या गावात काम होते आणि गावची भाषा होती. पण प्रत्येकाने विदुषी असावे, ही अट घालणेही अन्यायाचे होईल. शांतपणे राहू इच्छिणाऱ्याला जमिनीच्या व्यवहाराची दारे बंद ठेवूनही दीर्घ वास्तव्याचा परवाना देता येईल. सरकारने तो द्यावा, असे आमचे मत आहे.

लोणारचा परदेशी प्रवासी बहुधा छत्रपती संभाजीनगरहून सकाळी येतो आणि दिवे लागण्यापूर्वी परततो. त्याने सहा महिने राहावयाचे ठरविले, तर त्याला घर कोण देईल? पाहुणा उतरल्यापासून २४ तासांत ठरावीक अर्ज भरून कळवावे लागते, हे किती घरमालकांना ठाऊक आहे? आणि रात्री छातीत दुखू लागले, तर त्याला कोठे न्यावयाचे? जिल्हा प्रशासनाने आणि लोणारकरांनी या तीन प्रश्नांपासून आरंभ करावा.