ड्रोन गावठाणावर फिरला, वस्तीचे काय?

ड्रोनला जात दिसत नाही, असे आम्हाला ऐकवले जाते. खरे आहे. वरून पाहिले तर आमचा पत्रा आणि पाटलाचा स्लॅब सारखाच स्वच्छ दिसतो. पण मिळकत पत्रिका कोणाला द्यायची हे ड्रोन ठरवत नाही, ते गावठाणाची हद्द ठरवते. आमचे भांडण त्या हद्दीशी आहे.

स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरीत भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनने गावठाण मोजून दाखवले होते. पद्धत सोपी आहे. घरमालकाने चुन्याने हद्द आखायची, ड्रोनने वरून टिपायची, मग चौकशी होऊन नकाशा, सनद, मिळकत पत्रिका. पत्रिका हातात आली की घरावर बँकेचे कर्ज मागता येते. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात देशभर ६५ लाखांवर पत्रिका वाटल्याचा सोहळा झाला. छान!

आता कडेगाव तालुक्यात या. कडेगावचे नाव निघाले की लोक उंच ताबुतांचे कौतुक सांगतात. इथे उंचीवरून जमीन पाहण्याचा विषय आहे. कडेगाव शहराला नगरपंचायत आहे. ही योजना भोवतालच्या गावांची. टेंभू-ताकारीचे पाणी आल्यापासून इथली जमीन कोणी सहज सोडत नाही. अशा गावांत वस्ती वाढली ती कुठे? गावठाणात जागा नव्हती, म्हणून कोणी गायरानात, कोणी ओढ्याकाठी, कोणी जुन्या वतनाच्या तुकड्यावर घर बांधले. ग्रामपंचायत त्या घराची पट्टी घेते, नमुना ८ चा उतारा देते, मते मागायलाही येते. मोजणीच्या वेळी मात्र उत्तर मिळते: हे गावठाणाबाहेर आहे.

म्हणजे ज्याच्याकडे वाडा होता त्याला पत्रिका, आणि ज्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या कुशीबाहेर ठेवले त्याला 'अतिक्रमण' हा शिक्का. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कौन्सिलात आणले, दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते जमिनीच्या कागदासाठीच. 'अतिक्रमणाला हक्क कसा देणार' असे विचारणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की गावात जागाच न दिलेल्या माणसाने घर कुठे बांधायचे होते? २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला देऊन गायरानावरची घरे पाडा म्हणणाऱ्यांनी तो निकाल शेवटपर्यंत वाचावा. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जागांचा अपवाद त्यातच आहे.

गावठाणाच्या आतही सगळे सोपे नाही. चुना आखायचा दिवस ठरतो. ज्याच्या शेतात मजुरीला जायचे त्याच्याच भिंतीला लागून आमच्या बाईने एकटीने रेघ ओढायची? बऱ्याच जणी अर्धा हात आत सरकून आखतात. ड्रोन ती रेघ प्रामाणिकपणे टिपतो, आणि पुढे तोच अर्धा हात कायमचा शेजाऱ्याचा होतो.

म्हणून आम्ही ड्रोनला विरोध करत नाही. उलट वस्तीवरही तो फिरवा म्हणतो. आज गावठाणाबाहेरच्या घराचा फोटो निघाला आणि पत्रिका निघाली नाही, तर तो फोटो उद्या घर पाडायच्या नोटिशीला जोडला जाईल. तोच फोटो आपल्या हातात असला तर घर कधीपासून उभे आहे याचा पुरावा होतो. माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागा.

आणि मूळ मागणी आहे कायद्यातली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गावठाणाची मोजणी होते ती त्यानंतरच्या कलम १२६ ने. कायद्यातला क्रमही असाच आहे: आधी हद्द, मग मोजणी. येत्या ग्रामसभेत हा ठराव लिहून न्या, महिलांच्या सह्या आधी घ्या, आणि ग्रामसेवकाकडून पोच घेतल्याशिवाय उठू नका.