आधी टायर, मग रिम

तुमच्याकडे स्विफ्ट, पोलो किंवा तशीच एखादी साधी गाडी आहे. ती मोकळी पळवून पाहायची हौस आहे. आणि ही हौस रस्त्यावर नाही, बंद ट्रॅकवर भागवायची असं तुम्ही ठरवलंय. फार बरं केलंत. एक्सप्रेसवेवर आणि घाटातल्या वळणांवर ती भागवणाऱ्यांचं काय होतं, आणि समोरून येणाऱ्यांचं काय होतं, हे आपण पेपरात वाचतोच.

आता खर्चाचं बोलू. या वाटेवरचा पहिला मोठा खर्च चाकांचा. तो बरेच जण उलटा करतात. आधी मोठे, चकचकीत रिम घेतात. पैसे तिथेच संपतात. मग त्यावर मिळेल तो स्वस्त टायर चढवतात. माझी विनंती आहे की क्रम सरळ ठेवा. आधी टायर. मग रिम. दिसण्याचा विचार सगळ्यात शेवटी, आणि पैसे उरले तरच.

कारण जमिनीला टेकतो तो टायर. एका टायरचा टेकलेला भाग जेमतेम तुमच्या तळहाताएवढा असतो. ब्रेक मारा, वळण घ्या, गाडी निसटताना सावरा, सगळा भार त्या चार तुकड्यांवर.

दुसरं असं की मोठे ट्रॅक आपल्या दारात नाहीत. एक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट आहे, जिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. पुण्यामुंबईहून यातल्या कुठेही जायचं तर हजार किलोमीटरच्या वर प्रवास. गाडी ट्रेलरवर लादून नेणं सगळ्यांना परवडत नाही. तुम्ही ज्या गाडीने जाणार, तीच ट्रॅकवर चालवणार आणि तिनेच घरी येणार. म्हणून टायर निवडताना फक्त ट्रॅकचा विचार करू नका. परतीच्या रस्त्याचाही करा. त्या रस्त्यावर अंधार असतो, पाऊस असतो, ट्रक असतात.

पहिल्यांदा जाताय? मग नवीन काही घेऊच नका.

गाडीला आहेत तेच टायर नीट तपासा. ते निरोगी असतील तर त्यांच्यावरच शिका. साधा रस्त्याचा टायर सुटण्याआधी ओरडतो. तो आवाज तुम्हाला शिकवतो. फार चिकट टायर उशिरापर्यंत गप्प राहतो, आणि सुटतो तेव्हा तुमचा वेग जास्त असतो. शिवाय त्याची पकड बेअरिंग, बुश आणि ब्रेकवर जास्त ताण आणते. तो खर्च वेगळा.

टायर तपासायचा कसा, ते सांगतो. हे घरीच करा. उजेडात, गाडी जॅकवर घेऊन आणि चाक काढून.

बाजूच्या भिंतीवर एक लांब क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. 2324 असेल तर तो टायर 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर ट्रॅकवर नेऊ नका, नक्षी कितीही खोल दिसली तरी. रबर वयानेही कडक होतं.

मग बोट फिरवा. बाजूला फुगा आलाय का? बारीक भेगा आहेत का? आतली बाजू नक्की पाहा. ती उभ्याने दिसत नाही, आणि अलाइनमेंट बिघडली असेल तर टायर तिथेच आधी झिजतो. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की फक्त 1.6 मिलिमीटर उरलं. तो टायर संपला. गोटा टायर कोरड्या ट्रॅकवर चांगला धरतो असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. पण परतीला पाऊस लागला की तोच टायर पाण्यावर तरंगेल.

स्ट्रिप मारलेलं पंक्चर असेल तर तो टायर शहरात चालवा, ट्रॅकवर नको. रिमोल्ड केलेला टायर तर अजिबात नको.

नवा टायर घ्यायचाच असेल तर भिंतीवरचं बाकीचं लिखाणही वाचायला शिका. समजा 185/65 आर15 88एच असं लिहिलंय. 185 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. 65 म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या 65 टक्के. 15 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. 88 हा वजनाचा आकडा, एका टायरला 560 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर 190, व्ही असेल तर 240. कंपनीने दिलेल्या वजनाच्या आणि वेगाच्या खाली कधीही जाऊ नका. टायरवाला म्हणेल, चालतं हो. चालत नाही.

काही टायरांवर ट्रेडवेअर असा शब्द आणि पुढे आकडा असतो. आकडा मोठा, तर टायर टिकाऊ. आकडा लहान, तर रबर मऊ आणि पकड जास्त. रोजच्या गाडीला 300-400 चे टायर असतात. 200 च्या आसपासचा टायर चांगला धरतो आणि रस्त्यावरही चालतो. 100 च्या खालचे जवळजवळ शर्यतीचेच. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, पावसात दगा देतात आणि बघता बघता संपतात. हा आकडा कंपनी स्वतः ठरवून छापते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काथ्याकूट करू नका. तुमच्यासाठी मधला रस्ता बरा. चांगल्या कंपनीचा, आयएसआय खूण असलेला, ताजा बनलेला, जरा मऊ रस्त्याचा टायर. आणि चारही एकसारखे. पुढे दोन चांगले आणि मागे उरलेले जुने, ही काटकसर करू नका. वेगात वळताना गाडीची मागची बाजू आधी सुटली तर नवख्याला ती सावरत नाही.

आता आकाराबद्दल, कारण पैसे इथेच वाचतात.

मोठा रिम घेऊ नका. 17 इंची चाक दिसायला छान. पण त्याचे टायर महाग, चाक बहुधा जड, आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त. ट्रॅकवर टायर लवकर झिजतात. म्हणजे हा महाग टायर तुम्ही पुन्हापुन्हा घेणार. 15 इंचात तेच पैसे खूप पुरतात. 2018 च्या स्विफ्टचंच पाहा. खालच्या मॉडेलला 165/80 आर14 येतो आणि वरच्याला 185/65 आर15. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखी, 62 सेंटिमीटर. म्हणून खालच्या मॉडेलवर वरच्या मॉडेलचं चाक बसवलं तर स्पीडोमीटर फसवत नाही, चाक कुठे घासत नाही, आणि ब्रेकच्या एबीएसलाही गोंधळ होत नाही.

कंपनीनेच त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेला आकार घ्या, असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. गाडीच्या मूळ रचनेत मालकाने मनाने बदल करायचे नाहीत, असं मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम सांगतं, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. उद्या रस्त्यात पोलिसांनी अडवलं किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली, तर कंपनीच्या यादीतलं चाक तुमच्या बाजूने बोलेल.

विम्याचं निघालंच आहे तर हेही ऐका. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. जाण्याआधी कागद काढून वाचा, आणि घरच्यांनाही हे सांगून जा.

रिम कुठून घ्यायचे? सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचे रिम म्हणजे कंपनीचेच, दुसऱ्या कुणीतरी काढून टाकलेले. नवी गाडी शोरूममधून आणली की बरेच लोक लगेच मोठे अलॉय बसवतात. त्यांची मूळ चाकं टायरच्या दुकानात पडून असतात, कधी कधी टायरसकट. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला विचारत फिरा. लोखंडी डिस्क मिळाली तरी कमीपणा मानू नका. ती थोडी जड असते, पण आपटली तर वाकते, चटकन तडकत नाही. आणि एक गेली तर दुसरी स्वस्तात मिळते.

जुना रिम घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. टायर उतरवून नुसता रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवायला लावा. तो लचकत फिरला तर घेऊ नका. आतल्या कडेवर वेल्डिंगची रेघ आहे का, ते पाहा. आतून ताजा रंग मारलेला दिसला तर का मारला, ते विचारा. वेल्डिंग केलेला किंवा तापवून सरळ केलेला अलॉय रिम ट्रॅकवर नेऊ नका. त्यातला तडा वेगात उघडतो. नावाजलेल्या कंपनीच्या रिमची अगदी स्वस्त नक्कल मिळते, तिच्यापासूनही दूर राहा. तिच्यावरचे शिक्केसुद्धा नक्कल केलेले असू शकतात.

रिम गाडीला बसतो की नाही, हे फक्त इंचांवर ठरत नाही. स्विफ्टला चार नट लागतात आणि त्यांचं वर्तुळ 100 मिलिमीटरचं. पोलोला पाच, वर्तुळ तेवढंच. मधलं भोकही जुळायला हवं. स्विफ्टचं 54.1 मिलिमीटर, पोलोचं 57.1. बाजारातल्या रिमचं भोक मोठं असेल तर त्यात बसणारी रिंग मागा, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरत राहील. दोन वेगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून आठ भोकं पाडलेले रिम शक्यतो टाळा. स्पेसर लावून चाक बाहेर काढायच्या फंदात पडू नका, त्याने बेअरिंगवर भार येतो.

नट ही वस्तू क्षुल्लक वाटते, म्हणून तिच्याबद्दल मुद्दाम सांगतो. मारुतीच्या नटाचं टोक शंकूसारखं तिरकं असतं. फोक्सवॅगनच्या बोल्टचं आणि होंडाच्या मूळ नटाचं टोक गोल असतं. तिरक्या खोबणीत गोल नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो कडेवरच टेकलेला असतो. तापून, थरथरून तो सैल होतो. रिम बदललात तर नट त्या रिमचे घ्या. आणि ते पान्यावर उभं राहून आवळू नका. टॉर्कचा पाना घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा लावा, आणि त्यावर थांबा.

अजून थोडे पैसे उरले असतील तर हवेचा चांगला गेज घ्या. पंपावरचा गेज प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतो. आणि ब्रेक ऑइल नवं करून घ्या. जुन्या ऑइलमध्ये पाण्याचा अंश शिरलेला असतो. ते तापून उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. तेव्हा चारही नवे टायर काही कामाचे नाहीत.

ट्रॅकवर सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा ठेवा. हवा कमी केली की पकड वाढते असं ऐकून आधीच कमी करू नका. कमी हवेचा टायर वळणात बाजूवर दुमडतो. टायर तापला की हवा आपोआप वाढते, पाच-सहा पौंड सहज. प्रत्येक फेरीनंतर उतरून मोजा आणि वहीत लिहा. वाढलेली हवा थोडी थोडी सोडा, एकदम नाही.

खडूने टायरच्या कडेवरून भिंतीपर्यंत एक आडवी रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर पाहा. रेघ भिंतीवर खूप खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. कडेलाही पुसली गेली नसेल तर हवा जास्त आहे. एवढी साधी युक्ती, पण तिने बरेच टायर वाचतात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचेच टायर आधी खाल्ले जातात. उजवी वळणं जास्त असतील तर डावा पुढचा सगळ्यात आधी. दुपारी पुढचे-मागचे बदला. रबराचे तुकडे उडाल्यासारखे दिसले की त्या दिवसापुरतं थांबा. पैसे भरलेत म्हणून शेवटची फेरी मारायलाच हवी असं नाही.

संध्याकाळी टायर थंड होऊ द्या. सोडलेली हवा पुन्हा भरा. बरेच जण हे विसरतात आणि अर्धवट हवेवर, सामान भरून, हायवेला लागतात. नट पुन्हा आवळा. चारही टायर आतून-बाहेरून टॉर्च मारून पाहा. कशात शंका आली तर स्टेपनी लावा, आणि ती लहान असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा. शक्यतो त्या रात्री तिथेच मुक्काम करा. सकाळी हवा पुन्हा मोजा, आणि मग घरी निघा.