विश्लेषण : चाप न ओढताच गोळी सुटते? अमेरिकेतील ‘पी३२०’ पिस्तुलाचा वाद काय आहे?

नवे पिस्तूल घेतलेला अमेरिकी ग्राहक पहिल्यांदा रेंजवर जातो तेव्हा दोन गोष्टी आधी पाहतो. मूठ हातात कशी बसते आणि चाप किती सहज ओढला जातो. सिग सॉअर कंपनीचे ‘पी३२०’ हे पिस्तूल या दोन्ही कसोट्यांवर अनेकांना आवडले. त्याचीच आवृत्ती अमेरिकी लष्करानेही स्वीकारली. मात्र चाप न ओढताच याच पिस्तुलातून गोळी सुटली, असा आरोप शंभरहून अधिक जणांनी केला आहे. कंपनीला तो मान्य नाही. मग खरे काय आणि ते ठरवणार कोण?

‘पी३२०’ हे पिस्तूल कसे आहे?

हे अर्धस्वयंचलित पिस्तूल २०१४ मध्ये बाजारात आले. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये आणणे ही कामे पिस्तूल स्वतः करते. जुन्या पिस्तुलांना मागच्या बाजूला घोडा असतो. तो उठलेला आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. ‘पी३२०’मध्ये बाहेर घोडा नाही. आत स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावणारा ‘स्ट्रायकर’ असतो. तो काडतुसाच्या बुडाला आदळला की गोळी सुटते.

याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे सुटे भाग. गोळी झाडणारी यंत्रणा एका छोट्या धातूच्या सांगाड्यात बसवलेली आहे. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने तेवढा सांगाडा म्हणजेच ‘बंदूक’, कारण अनुक्रमांक त्याच्यावर असतो. मूठ, नळी, वरचा सरकता भाग हे सगळे मालकाला हवे तसे बदलता येते.

लष्कराने ते का निवडले?

अमेरिकी लष्कर १९८५ पासून बेरेटा कंपनीचे ‘एम९’ पिस्तूल वापरत होते. त्याच्या जागी नवे पिस्तूल घेण्यासाठी जानेवारी २०१७ मध्ये सिग सॉअरची निवड झाली. कंत्राट ५८ कोटी डॉलरपर्यंतचे होते. ग्लॉक कंपनीने या निवडीला आव्हान दिले, पण ते फेटाळले गेले. मोठी आवृत्ती ‘एम१७’ आणि छोटी ‘एम१८’ या नावाने सैन्यात आली. वेगवेगळ्या आकाराच्या हातांना बसेल अशी बदलती मूठ हा सैन्यासाठी मोठा फायदा होता. लष्करी आवृत्तीला अंगठ्याने चालू-बंद करायचा सुरक्षा खटका आहे. नागरिक आणि पोलिसांना विकल्या गेलेल्या बहुतांश ‘पी३२०’ना तो नाही.

आक्षेप नेमका कशावर आहे?

पहिल्या भेटीत जे आवडते, नेमके त्यावरच. चापाचा प्रवास छोटा आणि त्याला लागणारा जोर बेताचा असेल, तर नेम कमी हलतो. त्यामुळे नवा मालक खूश होतो. पण दावे करणाऱ्यांचे म्हणणे असे, की पिस्तूल भरलेले असताना स्ट्रायकर जवळपास पूर्ण ताणलेल्या अवस्थेत असतो. त्यात बाहेरचा सुरक्षा खटका नाही. ग्लॉकच्या चापावर असते तशी, बोट नीट टेकल्याशिवाय चाप हलू न देणारी छोटी पट्टीही नाही. अशा वेळी होल्स्टरमध्ये एखादी वस्तू अडकली, कपड्याची घडी आली किंवा आतल्या भागांची पकड सुटली, तर अनर्थ टाळायला पुरेसे अडथळे उरत नाहीत.

कंपनीची भूमिका याच्या उलट आहे. चाप ओढल्याशिवाय ‘पी३२०’ कोणत्याही परिस्थितीत सुटू शकत नाही, आतमध्ये स्ट्रायकर रोखणारी सुरक्षा कडी आहे आणि अपघात हाताळणीतील चुकीमुळे होतात, असे ती सांगते. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर निवेदन काढून हे पुन्हा ठासून मांडले.

२०१७ मध्ये काय घडले होते?

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पिस्तूल विशिष्ट कोनात खाली पडले तर गोळी सुटू शकते, हे स्वतंत्र चाचण्यांतून समोर आले. डॅलस पोलिसांनी त्याचा वापर थांबवला. काही दिवसांतच कंपनीने ‘स्वेच्छा सुधारणा’ योजना जाहीर केली. मालकाने पिस्तूल पाठवायचे आणि कंपनीने हलका चाप व आतले काही भाग विनामूल्य बदलून द्यायचे. लष्कराच्या चाचण्यांतही खाली पडल्यावर गोळी सुटण्याचा प्रश्न आढळला होता आणि लष्करी पिस्तुलात तो आधीच दुरुस्त केला गेला होता.

खाली पडण्याचा प्रश्न मिटला, पण तक्रारी थांबल्या नाहीत. होल्स्टरमध्ये असताना, गाडीतून उतरताना गोळी सुटल्याचे दावे येत राहिले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि ‘द ट्रेस’ यांनी २०२३ मध्ये केलेल्या शोधात अशा शंभरहून अधिक व्यक्ती आणि किमान ८० जखमी आढळले. त्यांत शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेले पोलीसही होते.

न्यायालयांनी काय म्हटले?

एकच उत्तर मिळालेले नाही. २०२२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील खटल्यात ज्युरीने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. इतरही काही दावे तज्ज्ञांचा पुरावा अपुरा ठरल्याने फेटाळले गेले. त्यानंतर जून २०२४ मध्ये जॉर्जियातील ज्युरीने एका मालकाला २३.५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात १.१ कोटी डॉलरचा निर्णय आला. या निकालांना कंपनीने आव्हान दिले.

विशेष म्हणजे, जिथे मालक जिंकले तिथेही ‘पिस्तूल आपोआप सुटते’ हे सिद्ध होण्याची गरज नव्हती. चाप नकळत दाबला जाऊ शकतो हे उत्पादकाला ठाऊक असताना पुरेशी सुरक्षा दिली नाही, हा मुद्दा पुरेसा ठरला. म्हणजे वाद ‘चाप हलला की नाही’ इथून ‘तो इतक्या सहज हलावा का’ इथे सरकला आहे.

हवाई दलातील मृत्यूने चित्र कसे बदलले?

जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधील एफ. ई. वॉरन या अण्वस्त्र तळावर ‘एम१८’मधून सुटलेल्या गोळीने २१ वर्षांच्या जवानाचा मृत्यू झाला. हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने या पिस्तुलाचा वापर लगेच थांबवला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी विभागानेही ‘पी३२०’ बाजूला ठेवले. पिस्तुलाविरुद्धचा हा सर्वांत ठळक पुरावा, असे अनेकांना वाटले.

ऑगस्टमध्ये मात्र एका सहकारी जवानाला सदोष मनुष्यवध आणि खोटी माहिती दिल्याच्या संशयावरून अटक झाली. तपासणीनंतर पिस्तुले पुन्हा वापरात आली. पुढे दोन जवानांनी खोटे जबाब दिल्याचे कबूल केले. संशयिताचाही मृत्यू झाल्याने त्याच्यावरील आरोप न्यायालयात तपासले गेलेच नाहीत. ‘पिस्तूल आपोआप सुटले’ हे वाक्य निष्काळजीपणावर पांघरूण घालायलाही वापरता येते, हे या घटनेने दाखवले. त्यावरून आधीच्या सगळ्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत; पण प्रत्येक घटना स्वतंत्रपणे तपासावी लागते.

मग सरकार पिस्तूल परत का मागवत नाही?

कारण तसा अधिकारच नाही. अमेरिकेत खेळणी, पाळणे, फ्रीज सदोष निघाले तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग ती परत मागवण्याची कारवाई करू शकतो. १९७० च्या दशकात या आयोगाची रचना करताना काँग्रेसने बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. त्यामुळे सदोष खेळण्यातली बंदूक बाजारातून काढता येते, खरी बंदूक नाही. ती परत घ्यायची की नाही, हे उत्पादकाने ठरवायचे.

उरतो तो न्यायालयाचा मार्ग. २००५ च्या संघीय कायद्याने गुन्ह्यात बंदूक वापरली गेल्याबद्दल उत्पादकांना संरक्षण दिले. उत्पादनातील दोषाचे दावे मात्र करता येतात. तिथेही आता अडसर येत आहेत. सिग सॉअरचे मुख्यालय असलेल्या न्यू हॅम्पशायरने मे २०२५ मध्ये कायदा करून, बंदुकीला बाहेरचा सुरक्षा खटका नाही एवढ्या कारणावरून उत्पादकावर दावा करण्यास बंदी घातली. उलट न्यू जर्सीने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीवर खटला भरून ही पिस्तुले परत घेण्याची मागणी केली. एकच पिस्तूल, पण राज्य बदलले की न्याय बदलतो.

भारताशी याचा संबंध काय?

थेट संबंध कमी आहे. ‘पी३२०’ मुख्यतः ज्या ९ एमएम काडतुसावर चालते, ते भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. सामान्य परवानाधारकाकडे बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते. भारतीय लष्कराने याच कंपनीच्या ‘सिग ७१६’ रायफली घेतल्या आहेत. २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३,०००. मात्र ती रायफल वेगळ्या यंत्रणेवर चालते आणि या वादाशी तिचा संबंध नाही.

धडा मात्र इथल्या परवानाधारकालाही लागू आहे. चाप हलका आणि मूठ सुबक, एवढ्यावर शस्त्राची परीक्षा होत नाही. खाली पडल्यावर ते काय करते, बाहेरचा सुरक्षा खटका आहे का, होल्स्टर त्याच मापाचे आहे का, हे दुकानातच विचारायचे प्रश्न आहेत. घरी चेंबर रिकामे ठेवणे, शस्त्र कुलपात ठेवणे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे, हे नियम कोणत्याही कंपनीच्या शस्त्राला लागू होतात.

‘पी३२०’चे काय करायचे, हे आता अमेरिकेतल्या वेगवेगळ्या ज्युरी एकेका खटल्यात ठरवत आहेत. तोवर ते पिस्तूल विकले जात आहे, आणि तपासणीचे काम ते कमरेला लावणाऱ्यावरच येऊन पडले आहे.